तलंग (तरुण कोंबडी) की कोंबडा? पिसांची टोकं बघा
सहा-सात आठवड्यांच्या गावरान पिल्लांत ज्याचा तुरा लवकर वाढून लाल होतो आणि पाय जाड दिसतात, तो बहुधा नर. पण नुसत्या तुऱ्यावर विसंबू नका. असील जातीचा तुरा मुळातच लहान, कडकनाथ जातीचा काळपट. खात्रीची खूण पिसांत असते आणि तिच्यासाठी साधारण तीन महिने थांबावं लागतं. मग शेपटीच्या बुडाजवळची, पाठीवरची पिसं बोटांनी उलगडून पाहा. लांब, निमुळती, चकचकीत असतील तर कोंबडा. टोकं गोलसर असतील तर तलंग. मानेवरही हाच फरक दिसतो. तुलना एकाच वयाच्या, एकाच जातीच्या पिल्लांची करा. तोवर एकही पिल्लू विकू नका, नाहीतर चांगली तलंग हातची जाते. रात्री खुराड्यात बॅटरी घेऊन तपासलंत तर पिल्लं फारशी धडपडत नाहीत.