जाड सेरिफ वापरताय? आधी त्यातली बारीक रेघ बघा

बोल्ड सेरिफ टाइप (अक्षरांच्या टोकांना 'सेरिफ' नावाच्या छोट्या रेघा असलेला जाड टाइप) निवडताना सगळे जाडी बघतात. मी आधी त्यातली सगळ्यात बारीक रेघ बघते. ही सवय मला एका इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठाने लावली. काळ्यावर पांढरं नाव, बोडोनी या खूप जाड आणि खूप बारीक रेघांच्या टाइपाच्या वळणाचा धष्टपुष्ट टाइप. स्क्रीनवर झकास दिसत होतं. त्याच टाइपात खाली लेखिकेचं नाव टाकलं, ९ पॉइंटला. छापून आलं तेव्हा शाई पसरून केसाएवढ्या रेघा बुजलेल्या. 'एच'ची आडवी रेघ गायब, नुसते दोन खांब. 'ई'चा चक्क 'सी' झालेला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी असे 'फॅट फेस' निघाले. उभे दांडे ढेरपोटे, आडव्या रेघा सुईसारख्या. दोन-तीन शब्दांच्या शीर्षकाला हे राजेशाही दिसतात, पण ४८ पॉइंटच्या खाली मी त्यांना हात लावत नाही.

क्लॅरेंडन या टाइपाची (१८४५) गोष्ट निराळी. त्याचे सेरिफ जाड, दांड्याला गोलाईने जोडलेले, आणि जाड-बारीकमधला फरक कमी. शब्दकोशासारख्या दाट मजकुरात नेमका शब्द उठून दिसावा, हे त्याचं मूळ काम. म्हणून उपशीर्षकं, लेबलं, पाट्या यांना तो चालतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवर तोच दिसायचा. ऑस्वाल्ड कूपरचा कूपर ब्लॅक (१९२२) टोकाटोकांना गोल, धार कुठेच नाही. खाऊच्या पाकिटावर गोड दिसतो, कायदेशीर नोटिशीवर हसू येईल.

फॉन्टचं नमुनापान बघून ठरवू नका. तुमचेच शब्द, खऱ्या मापात, खऱ्या रंगात छापा. कागद हातभर लांब धरा, डोळे किलकिले करा आणि 'ए', 'ई', 'जी' यांच्या पोटातली पोकळी उघडी दिसते का ते बघा. काळ्यावर पांढरं असेल तर दुप्पट कडक व्हा.

मोठ्या मापात अक्षरं थोडी जवळ घ्या. पण शेजारच्या सेरिफची टक्कर होऊ देऊ नका. 'आर' आणि 'एन' चिकटले की 'एम' वाचला जातो. ओळीही जवळ येऊ शकतात: ६० पॉइंटच्या अक्षराला ६० पॉइंटचं लाइन स्पेसिंग बहुतेक वेळा पुरतं, वरच्या 'वाय'ची शेपटी खालच्या 'एल'वर आदळत नसेल तर.

आणि ते प्रोग्राममधलं बोल्ड करायचं 'बी'चं बटण! फॉन्टची बोल्ड फाइल नसेल तर प्रोग्राम अक्षराला नुसता चहूबाजूंनी फुगवतो. बारीक रेघा सुजतात, पोकळ्या आक्रसतात. बोल्ड किंवा ब्लॅकची (बोल्डहून जाड) वेगळी फाइल नसेल तर मी फॉन्टच बदलते.

त्या मुखपृष्ठाचं पुढे असं झालं: दुसऱ्या छपाईत पुस्तकाचं नाव होतं तसंच ठेवलं. लेखिकेची ओळ मात्र एकसारख्या जाडीच्या बिनसेरिफ टाइपात, ११ पॉइंटला. प्रूफ आलं तेव्हा तिने ते नाकाशी धरून स्वतःचं नाव एकेक अक्षर करत वाचलं.