देवी काढल्याच्या दाखल्यावरून पूर्वजांचा माग

गिरगाव-लालबागच्या जुन्या घरांतली पत्र्याची पेटी उघडली की भाड्याच्या पावत्या आणि शाळा सोडल्याचे दाखले यांच्यात कधीकधी एक चतकोर, पिवळा पडलेला कागद निघतो. देवी काढल्याचा, म्हणजे देवी रोगाची लस टोचल्याचा दाखला. वंशावळ जुळवणाऱ्याने तो आधी बाजूला काढावा. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव अनेकदा नसतंच. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव, एवढंच. देवी काढेपर्यंत बारसं होऊन गेलेलं असतं, म्हणून या कागदावर नाव मिळण्याची शक्यता जास्त.

मुंबई शहरात १८७७च्या कायद्याने लहान मुलांना देवी काढणं सक्तीचं झालं. शहराबाहेर वेगळे कायदे होते. देवी जन्मल्यावर काही महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा काढत. म्हणून दाखल्यावरची तारीख जन्मतारीख समजू नका. त्या तारखेपासून अडीच वर्षं मागेपर्यंतच्या जन्मनोंदी बापाच्या नावाने पाहा. वय 'वर्ष १' असं मोघम लिहिलेलं असेल, तर शोधाचा पट्टा आणखी रुंद ठेवा.

कागद हाती आला की दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खिडकीपाशी, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे. फिकट शाई आणि शिक्क्याचा उठाव त्यात दिसतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा निघत नाही. मग नाव, बापाचं नाव, वय, जात, राहण्याचा पत्ता आणि तारीख जसंच्या तसं उतरवा. स्पेलिंग सुधारू नका. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव नसेल तर आपल्या मनाने घालू नका, कारण पुढच्या कागदात तिथे गावाचं नाव निघू शकतं. तारीख शके असेल तर ७८ मिळवा; पौष ते फाल्गुन या शेवटच्या महिन्यांत बहुधा ७९.

सर्वांत जास्त घोटाळा पत्त्यात होतो. वांद्रे, कुर्ला, अंधेरी १९५०पर्यंत मुंबई महापालिकेत नव्हते, आणि उपनगर जिल्हा १९२०चा. त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात. तेव्हा १९१२ साली कुर्ल्यात जन्मलेल्याची नोंद आजच्या वॉर्डच्या आरोग्य खात्यात नाही मिळाली, तर ती नव्हतीच असं धरू नका. बाळंतपण माहेरी झालं असेल तर जन्मनोंद कोकणात किंवा घाटावर, गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, म्हणजे गाव नमुना १४मध्ये. ती मोडीत असू शकते. मुंबईचा दाखला आणि गावची जन्मनोंद यांत विरोध नाही, दोन्ही खरी.

लसीकरणाचे वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यांत आकडे आहेत, मुलांची नावं नाहीत; तिथे आजोबा शोधत महिना घालवू नका. काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, जायचं असेल, तर आधी साल आणि खातं ठरवा. पूर्वज स्वतः देवी काढणारा सरकारी नोकर असेल तर ही खेप करण्यासारखी आहे. नेमणुका-बदल्यांचे कागद तिथे पाहा.

'टोचल्या'चा प्रत्येक कागद देवीचा नसतो. १८९६मध्ये मांडवीत प्लेग आला, १८९७पासून हाफकिनची प्लेगची लस टोचली जाऊ लागली. ती मोठी माणसंही घेत, म्हणून त्या कागदावरून जन्मसाल काढता येत नाही. बोटीने आफ्रिकेला किंवा हजला गेलेल्यांकडे नंतरच्या काळातलं लसीकरणाचं आंतरराष्ट्रीय पुस्तक सापडतं. त्यात देवीची नोंद तीन वर्षं चाले, पटकीची (कॉलऱ्याची) सहा महिने. पटकीच्या लागोपाठ नोंदी दिसल्या की प्रवासांची सालं हाती येतात. पीतज्वराची (यलो फीवरची) नोंद असेल तर आफ्रिकेकडचा प्रवास तपासा.

दंडावरच्या वणावर मात्र विसंबू नका. डाव्या दंडावरचा एकच वण बीसीजीचाही, म्हणजे क्षयाच्या लशीचाही असतो. आजीला विचारायचंच असेल तर 'लस कधी घेतली' असं विचारू नका. 'देवी काढल्या तेव्हा तुम्ही कुठल्या चाळीत होता?' असं विचारा.