घरी बांधलेल्या विमानाचं पॅनेल, एकात्मिक की सुटं: खर्च मोजताना या चुका टाळा

विमान बांधायला घेतलेल्या माणसाच्या वहीत पॅनेलसाठी, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीसाठी, कधी ना कधी दोन रकाने पडतातच. एकात एकात्मिक संच असतो. त्यात एक-दोन मोठे पडदे, आणि इंजिनाची मापं, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं उपकरण), ऑटोपायलट हे सगळं त्यांच्याच ताब्यात. दुसऱ्या रकान्यात सुटी उपकरणं, प्रत्येकाचं भोक वेगळं, फ्यूज वेगळा, बटणं वेगळी. खाली बेरीज केली की एक रकाना बराच स्वस्त दिसतो. ही बेरीज बहुतेकदा फसवी असते, कारण दोन्ही रकान्यांत सारखी कामं लिहिलेलीच नसतात.

उपकरणांची किंमत ताडून पाहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. वहीत उपकरणांची नावं लिहूच नका, कामं लिहा. वेग, उंची, कल आणि दिशा दाखवणं. इंजिनाची मापं. रेडिओ आणि इंटरकॉम. ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बी, म्हणजे विमानाचं स्थान आपोआप प्रसारित करणारी व्यवस्था. मार्गदर्शन. ऑटोपायलट. मुख्य वीज गेली तर काय चालू राहणार. मग प्रत्येक कामासमोर दोन्ही रकान्यांत लिहा, की हे काम कोण करतं आणि त्यासाठी आणखी काय विकत घ्यावं लागतं.

ऑटोपायलटचं उदाहरण घ्या. गार्मिनचा जी३एक्स किंवा डायनॉनचा स्कायव्ह्यू हा एकात्मिक संच घेतला, तर विमानाचा कल आणि दिशा ओळखणारे सेन्सर संचात आधीच असतात आणि ऑटोपायलटचं गणितही तिथेच होतं. वाढीव खर्च मुख्यतः सर्वो मोटर (विमानाची नियंत्रणं हलवणाऱ्या मोटर), त्या बसवायचे ब्रॅकेट आणि वायरिंगचा. सुट्या मांडणीत सर्वो तर लागतातच, शिवाय स्वतःचे सेन्सर असलेलं वेगळं नियंत्रक युनिट लागतं. म्हणजे ऑटोपायलट हवाच असेल तर पारडं एकात्मिकाकडे झुकतं. नकोच असेल, फक्त दिवसा आणि स्वच्छ हवामानात उडायचं असेल, तर साधी गोल उपकरणं, एक रेडिओ आणि एक ट्रान्सपाँडर यात काम भागतं. त्या माणसाला मोठ्या पडद्याचं गणित मांडून दाखवणं मला योग्य वाटत नाही.

इंजिनाच्या मापांचं गणित याच्या उलट दिशेने फसतं. चार सिलिंडरच्या इंजिनाला सीएचटीचे (सिलिंडरच्या डोक्याचं तापमान) चार आणि ईजीटीचे (बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान) चार प्रोब लागतात. त्यावर तेलाचं तापमान, तेलाचा आणि इंधनाचा दाब, इंधनप्रवाह, मॅनिफोल्ड दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), आरपीएम. मोठा पडदा घेतला म्हणून प्रोब सुटत नाहीत. संचाच्या जाहिरातीतल्या किमतीत इंजिन मॉड्यूल आणि प्रोब आहेत का, हे ओळीनं तपासा.

मधले दुवे विसरणं

दुसऱ्या कंपनीचा जीपीएस नेव्हिगेटर पडद्याशी बोलायला हवा असेल, तर बहुधा एरिंक ४२९ ची, म्हणजे विमानातल्या उपकरणांमध्ये माहिती पाठवण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीची, जोडणी लागते. स्कायव्ह्यूसाठी त्याचं मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं, जी३एक्ससाठी जीएडी २९ हे मॉड्यूल घ्यावं लागतं. दोन्ही छोटी दिसतात, पण त्यांनाही जागा, वीज आणि तारा लागतात. वहीत ती ओळ सहसा नसते.

मोठा गैरसमज जीपीएसचा. पडद्यात जीपीएस आहे म्हणून ढगांतून, म्हणजे आयएफआर (बाहेर न बघता उपकरणांच्या आधारे उडण्याच्या) नियमांखाली, त्याच्या भरवशावर उडता येतं असं नाही. त्यासाठी त्या कामाला मान्यता असलेला नेव्हिगेटर लागतो, आणि तो संपूर्ण पॅनेलमधल्या सर्वांत महाग उपकरणांपैकी एक असू शकतो. एडीएस-बीचंही तसंच. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रात ते बंधनकारक आहे, आणि स्थान सांगणाऱ्या स्रोताने ठरलेली अचूकता गाठायला हवी. युरोपात बहुतेक ठिकाणी रेडिओ दोन वाहिन्यांत ८.३३ किलोहर्ट्झ अंतर ठेवणारा असावा लागतो, त्यामुळे स्वस्तात मिळालेला जुना २५ किलोहर्ट्झचा रेडिओ तिथे बहुधा निरुपयोगी ठरतो. आपण कुठे आणि कशा हवेत उडणार हे आधी ठरवा, मगच रकाने भरा.

वायरिंगला शून्य धरणं

सुट्या मांडणीत प्रत्येक उपकरणाची वीज, अर्थिंग, ऑडिओ, आरएस-२३२ (माहितीची साधी तारजोडणी), अँटेना आणि पिटो-स्टॅटिकची (वेग आणि उंचीसाठी हवेचा दाब आणणारी) नळी वेगळी. एकात्मिक संचात मॉड्यूल एका बसवर, म्हणजे सगळ्यांची माहिती वाहणाऱ्या सामाईक तारांवर, येतात, तारांची संख्या घटते. पण त्या बसची शिस्त कडक असते. तयार हार्नेस (बांधून दिलेला तारांचा जुडगा) विकत घेतला तर पैसे जातात, स्वतः केला तर कित्येक संध्याकाळी जातात आणि डी-सब कनेक्टरच्या पिनांसाठी चांगलं क्रिंपिंग अवजारही, म्हणजे पिन तारेवर दाबून बसवणारं अवजारही, लागतं. हे अवजार स्वस्तातलं घेऊ नका. ढिली पिन कामाच्या टेबलावर व्यवस्थित चालते आणि हवेत, कंपनात, अधूनमधून सुटते. असा दोष शोधायला जो वेळ जातो तो मोजायला मी आजवर कुठल्या वहीत रकाना पाहिलेला नाही.

आणखी एक, तारा ओढण्याआधी आराखडा काढा. कुठली पिन कुठे जाते, तारेची जाडी किती, फ्यूज किती, हे सगळं कागदावर. विजेचा एकूण भारही तिथेच मोजा. अल्टरनेटरला तो सहज पेलवत नसेल, तर अल्टरनेटर बदलण्याचा खर्चही पॅनेलच्याच खात्यात जातो.

‘सुटं म्हणजे सुरक्षित’ असं गृहीत धरणं

सुट्या मांडणीचा मोठा युक्तिवाद हा, की एक बिघडलं तरी बाकीचं चालतं. युक्तिवाद खरा आहे, पण आपोआप खरा होत नाही. दोन्ही कृत्रिम क्षितिजं (विमानाचा कल दाखवणारी उपकरणं) एकाच फ्यूजवर, एकाच अर्थिंगवर आणि वेग दाखवणारी दोन्ही उपकरणं एकाच पिटो नळीवर असतील, तर पैसे दोनांचे गेले आणि आधार एकाचाच राहिला. एकात्मिक संचात दुसरा सेन्सर संच आणि बॅकअप बॅटरी घेतली, शेजारी स्वतःची बॅटरी असलेलं छोटं उपकरण लावलं, तर त्याची सुरक्षितता कमी नाही. दोन्ही रकान्यांत ‘मुख्य वीज गेली’ आणि ‘मुख्य पडदा काळा पडला’ या दोन प्रसंगांसाठी लागणारी खरेदी लिहा. तुलना तेव्हा कुठे बरोबरीची होते.

पडदे आधी विकत घेणं

विमान उडायला अजून काही वर्षं असतील तर पडदे शेवटी घ्या. वॉरंटी बहुधा बांधणीची वाट पाहत नाही, आणि नवी आवृत्ती तोवर येऊन जाते. सर्वोचे ब्रॅकेट, अँटेनाच्या जागा आणि तारांचे मार्ग मात्र सांगाडा उघडा असतानाच करून घ्या. पॅनेल पुठ्ठ्यावर खऱ्या मापाने कापा, आसनात बसून हात पोचतो का बघा. पाठीमागची खोलीही मोजा, कारण सपाट दिसणाऱ्या पडद्याच्या मागे कनेक्टर आणि वळलेल्या तारा असतात.

वीज दिल्यावर

बसवरची मॉड्यूल गायब होतात किंवा येतात-जातात, तेव्हा सगळ्यात आधी मॉड्यूल बिघडलं असं मानून ते परत पाठवू नका. बस कॅन प्रकारची असेल, तर तिच्या दोन टोकांना १२० ओमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारे रोधक, लागतात. वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजा. साधारण ६० ओम यायला हवा. १२० आला तर एकच टर्मिनेटर जोडलेला आहे किंवा बस मध्ये कुठेतरी तुटली आहे. ४० आला तर तिसरा टर्मिनेटर चुकून लागला आहे. एका साध्या मल्टिमीटरचं हे काम.

एरिंक ४२९ वर माहितीच येत नसेल तर माहिती पाठवण्याचा वेग बघा. सेकंदाला १२.५ आणि १०० किलोबिट हे दोन वेग आहेत, दोन्ही टोकांना सारखाच निवडलेला हवा. आरएस-२३२ वर पाठवणारी आणि घेणारी तार उलटी जोडली गेली आहे का, तेही पाहा.

ईजीटी किंवा सीएचटीचा आकडा इंजिन तापताना खाली जात असेल, तर प्रोब चांगला आहे, तारा उलट्या आहेत. अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची (या प्रोबमधल्या, दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणाऱ्या भागाची) लाल तार ऋण असते. विजेच्या कामाची सवय असलेला माणूस लाल म्हणजे धन समजून जोडतो, आणि मग प्रोब बदलत बसतो. मध्ये जोड द्यावा लागला तर तांब्याची तार नको, त्याच जातीची थर्मोकपल तार हवी. नाहीतर त्या जोडाचं तापमान मापात मिसळतं.

हेडसेटमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर रेडिओला दोष देण्याआधी अर्थिंगच्या जोडण्या एका ठिकाणी आणा.

दिशा डोलते, दिवे लावले की पाच-दहा अंशांनी सरकते, तेव्हा मॅग्नेटोमीटरच्या (दिशा ओळखणाऱ्या चुंबकीय सेन्सरच्या) आसपास पोलादी बोल्ट, मोठा प्रवाह वाहणारी तार किंवा हलणारी पोलादी दांडी शोधा. सगळे दिवे, पंप, स्ट्रोब एकेक करून लावा आणि नियंत्रणं टोकापासून टोकापर्यंत हलवून पाहा. ही चाचणी मॅग्नेटोमीटर कायमचा पक्का बसवण्याआधी, तात्पुरता चिकटवून केली, तर जागा बदलायला फक्त चिकटपट्टी सोडवावी लागते.