फोक्सवॅगन टी-३ कॅम्परचा डॅशबोर्ड खोलताना

टी-३ कॅम्पर म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनचा डॅशबोर्ड बहुधा दोन कारणांसाठी उघडावा लागतो: वेग, इंधन वगैरे दाखवणारा मीटर बिघडतो, नाहीतर हीटरचा पंखा करकरू लागतो. या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मीटरसाठी अख्खा डॅशबोर्ड काढण्याची गरज नसते, तर पंख्यासाठी तो काढल्यावाचून गत्यंतर नसते; म्हणून आपले काम यांपैकी कोणते, हे पाना हाती घेण्यापूर्वीच ठरवावे.

पहिली काळजी विजेची. कॅम्परमध्ये गाडी चालू करणारी बॅटरी आणि फ्रिज-दिव्यांसाठीची दुसरी बॅटरी अशा दोन बॅटऱ्या असतात, आणि आधीच्या मालकांनी दुसरीवरून डॅशबोर्डपर्यंत वायरी ओढलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे पुढच्या सीटखालच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली म्हणजे झाले, असे मानू नये. छतावर सौर पॅनेल असल्यास आधी पॅनेलची जोडणी तोडावी, मग दोन्ही बॅटऱ्यांची, आणि त्यानंतरही हाताशी येणाऱ्या प्रत्येक वायरीवर मल्टिमीटर (विजेचा दाब मोजणारे उपकरण) लावून पाहावा. या जर्मन गाडीत अर्थिंगची वायर तपकिरी असते. काळी वायर साधारणपणे इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणारी असते, त्यामुळे काळी म्हणजे अर्थिंग अशी सवय असलेल्याने येथे विशेष जपावे.

मीटरवरचे झाकण हलक्या हाताने ओढले की निघते. मागून स्पीडोमीटरची केबल आणि विजेचे कनेक्टर सोडवून मीटर बाहेर घ्यावा. त्याच्या पाठीवर विद्युतमार्ग छापलेला एक पातळ, लवचीक पापुद्रा चिकटलेला असतो आणि या गाडीतला सर्वांत नाजूक भाग तोच. कनेक्टर वायरींना धरून खेचला, किंवा वाकडा करून उपसला, तर पापुद्र्यावरचा मार्ग चिरतो आणि एखादा दिवा किंवा काटा कायमचा मुका होतो. कनेक्टरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी धरून सरळ रेषेतच काढावा. इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले असतील, तर टाकीत किंवा इंजिनात दोष शोधण्याआधी मीटरच्या पाठीवरचा, या दोघांना १० व्होल्टचा स्थिर दाब पुरवणारा छोटा रेग्युलेटर आणि मीटरची अर्थिंग तपासावी.

पंख्याचे काम मोठे आहे. स्टिअरिंग, मीटर, हीटरच्या दांड्या आणि त्यांच्या केबली मोकळ्या केल्यानंतर डॅशबोर्डचे स्क्रू काढावेत. त्यांतले काही दर्शनी नसतात, त्यामुळे डॅशबोर्ड एखाद्या जागी अडला तर जोर न लावता तेथे राहिलेला स्क्रू शोधावा. एवढ्या वर्षांचे प्लॅस्टिक थंडीत तडकते, म्हणून हे काम उबदार दिवशी करणे इष्ट. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून तिची जागा लिहावी, छायाचित्रे काढावीत आणि स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत ठेवावेत. डॅशबोर्ड उचलताना दुसरा माणूस हवाच. आतली एखादी विसरलेली वायर ताणली जात नाही ना, हे पाहणे हे त्याचे मुख्य काम.

पाण्याने इंजिन थंड होणाऱ्या टी-३ मध्ये मागच्या इंजिनातले गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गाडीच्या पोटाखालून पुढच्या हीटरपर्यंत येते. इंजिन पूर्ण निवल्यावरच हीटरचे होज (रबरी नळ्या) चिमट्याने दाबून सोडवावेत आणि खाली भांडे व जाड फडकी ठेवावीत. कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते, त्यामुळे मुले व पाळीव प्राणी दूर ठेवावेत.

हीटरची पेटी बाहेर आली की केवळ पंख्यावर थांबू नये. आतल्या झडपांवरचा फोम बहुधा भुगा झालेला असतो आणि तोच पुढे काचेजवळच्या झरोक्यांतून उडतो. तो खरवडून नवा लावावा. हीटरचा जुना छोटा रेडिएटर आणि होज शंकास्पद वाटले तर खर्चाचा विचार न करता बदलावेत, कारण पुढे गळती झाली तर हाच सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

डॅशबोर्ड पक्का बसवण्यापूर्वी बॅटरी जोडून पंख्याच्या सर्व गती, इंडिकेटर, वायपर आणि मीटरचे दिवे चालवून पाहावेत. कूलंट भरल्यावर यंत्रणेतली हवा काढावी, आणि इंजिन तापल्यावर प्रवाशाच्या पायाशी ओल दिसत नाही याची खात्री झाली की मगच उरलेले स्क्रू आवळावेत.