बडोद्यात बसून ब्लॅक स्टडीज वाचायला सुरुवात कशी करायची

एमएसयूत (महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत) सोशिओलॉजी नाहीतर हिस्ट्री करणाऱ्या आपल्या मराठी पोरांना ब्लॅक स्टडीज, म्हणजे ब्लॅक लोकांचा इतिहास, समाज आणि विचार यांचा अभ्यास, हा विषय वाचायचा असतो, पण पहिल्याच दिवशी थिअरीचं जाडजूड पुस्तक उघडतात आणि आठवड्यात सोडून देतात. तसं नका करू. हा विषय ज्या विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिला, त्यांच्या मागण्या आधी वाचा.

नोव्हेंबर 1968 मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ब्लॅक स्टुडंट्स युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या विद्यार्थी संघटनांनी संप केला, तो मार्च 1969 पर्यंत चालला, मागण्या एकूण 15. त्यात स्वतःची डिग्री देणारं डिपार्टमेंट होतं, शिकवणाऱ्यांच्या 20 फुल टाइम जागा होत्या, अर्ज करेल त्या प्रत्येक ब्लॅक विद्यार्थ्याला अ‍ॅडमिशन होती. सिलॅबसमध्ये एक धडा वाढवा एवढंच नव्हतं ते, शिकवणार कोण आणि वर्गात बसणार कोण हेच ठरवायचं होतं. डिपार्टमेंट मिळालं, पण ते उभं करायला आणलेल्या नेथन हेअरना मात्र कॉलेजने काढलं. हे मला आजही लागतं.

मग थोडं मागे जा, ब्लॅक इतिहासकार कार्टर वुडसनने 1926 ला निग्रो हिस्टरी वीक सुरू केला तिथपर्यंत. नंतर पुढे या, 1988 ला टेम्पल युनिव्हर्सिटीत या विषयातला पहिला पीएचडी प्रोग्राम. मधलं 1977 चं कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या ब्लॅक स्त्रीवादी गटाचं निवेदन अजिबात सोडू नका, ब्लॅक बायकांनी वंश, वर्ग आणि बाईपण एकत्रच बघायला लावलं ते त्यात आहे, आणि छोटंसंच आहे, एका बैठकीत होतं.

आता आपल्या गावचा धागा. सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब 1913 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले हे कमाटीबागेत फिरणाऱ्या कुणालाही माहीत असतं, पण 1946 ला त्यांनी ब्लॅक विचारवंत डू बॉइसना पत्र लिहिलं ते फार कमी जणांनी बघितलंय. आपली प्रत्यक्ष भेट नाही पण नावाने ओळखतो अशी सुरुवात, आणि अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्यात. डू बॉइसनी उत्तरही दिलं. मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅम्हर्स्टच्या संग्रहात दोन्ही स्कॅन ऑनलाइन फुकट आहेत, मोबाइलवर उघडा आणि स्वतः वाचा.

एक मात्र सांभाळा. जात म्हणजेच वंश असं घाईने लिहून टाकू नका. वहीत दोन रकाने करा, कुठे जुळतं आणि कुठे नाही, आणि दुसरा रकाना रिकामा राहिला तर समजा वाचन अजून कच्चं आहे.

पुढे काय होणार ते कळायला 2023 पासून बघा. फ्लोरिडाने शाळांमधला आफ्रिकन अमेरिकन स्टडीजचा एपी (शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा) कोर्स नाकारला, म्हणजे भांडण आता कॉलेजवरून शाळेपर्यंत आलंय. त्या कोर्सचा आराखडा तो चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या साइटवर फुकट मिळतो, चार युनिट आहेत, तोच तुमचा सिलॅबस समजा, आणि चौथ्या युनिटला भरपूर वेळ द्या कारण चळवळी आणि वाद तिथेच आहेत.