जुन्या वास्तूतल्या म्युझियमला एसी लावताय? आधी या चुका टाळा

कोकणात म्युझियमसाठी एसी घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो किती टनाचा, आणि तिथेच गडबड होते. इथे चित्रांची वाट उकाड्यापेक्षा ओल लावते. हवेतली आर्द्रता बरेच दिवस 70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरतेच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती 85-90 सहज असते. गरजेपेक्षा मोठा एसी घेतला तर खोली झटक्यात गार होते, कम्प्रेसर आपोआप बंद होतो, हवेतलं पाणी काढायला वेळच मिळत नाही. खोली गार पण दमट, बुरशीला अजून काय पाहिजे!

दुसरी चूक बिल वाचवायला केलेली. एका छोट्या संग्रहालयात बघितलंय, संध्याकाळी मेन स्विच बंद आणि सकाळी झाडलोट करताना खिडक्या सताड उघड्या, का तर हवा खेळू दे. बाहेर 28 डिग्री आणि 85 टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं, तो होतो साधारण 25 डिग्री, मग रात्रभरात पुरती न तापलेल्या 22-23 डिग्रीच्या काचेवर पाणी सुटणारच ना? आणि रोज ओलं-कोरडं झालं की कॅनव्हास ढिला पडतो, ताणतो, रंगाला भेगा जातात. आर्द्रतेचा आकडा 55 टक्के असो की 60, तो दिवसरात्र तिथेच राहणं महत्त्वाचं.

आता भिंती. जांभ्याच्या चिऱ्याला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारू नका, ओल आत कोंडते, लोणा म्हणजे पांढरा खार लागतो, पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा करा. कौलं, पागोळ्यांचं पाणी, पायाजवळचं गटार हे आधी, मशीन नंतर.

आणि अख्खी इमारत सील करायला जाऊ नका. रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघा, 1910 च्या आसपासचा, उंच छत आणि मोठाल्या खिडक्या, अशा वास्तू वाऱ्यावरच टिकतात. त्यापेक्षा आतली एकच खोली नीट बंद करा आणि नाजूक वस्तू घट्ट शोकेसमध्ये ओल शोषणारं सिलिका जेल घालून ठेवा, विशेषतः सावंतवाडीच्या गंजिफांसारख्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांसारख्या, कारण त्यांना लावलेली चिंचोक्याची खळ किड्यांनाही आवडते.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घेतलात तर त्याच्या पाण्याचा पाइप थेट बाहेर सोडा, टाकीच्या भरवशावर राहू नका. रविवारी टाकी भरते, मशीन गप्प बसतं, आणि सोमवारी सुट्टी असली की मंगळवारपर्यंत कुणाला पत्ताच नसतो.