कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याआधी या चुका टाळा

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पुण्या-मुंबईहून आणलेल्या सेकंडहँड स्पोर्ट्स कार आता दिसू लागल्या आहेत. गाडी घ्यायला मन लागतं, ती नीट ठेवायला धीर लागतो. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० हा कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या नळीतला, धूर साफ करणारा डबा) नीट काम करत नसल्याचा कोड आला, की लगेच ‘कन्व्हर्टर गेला’ म्हणून मोकळे होतात. ही पहिली चूक, आणि खिशाला सगळ्यात जड.

कन्व्हर्टर सहसा आपोआप मरत नाही, त्याला काहीतरी मारतं. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. प्लग किंवा कॉइल गेलेली असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. म्हणून दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन मिसिंग करत असेल, तर ‘नागपूरपर्यंत नेऊ’ म्हणून दामटू नका. पाय हलका करा, गाडी बाजूला घ्या. टर्बो गाडीत ऑइल कमी होतंय का तेही बघा. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर बसून ती निकामी करतो. कारण न शोधता नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

आता तपासणी. पहाटे इंजिन गार असताना चालू करा आणि मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर बाहेर आणणारी नळी) कन्व्हर्टरमागच्या ऑक्सिजन सेन्सरपर्यंतचे जोड बघा. गॅस्केटपाशी काजळीचा काळा ओघळ, थंडीत फुसफुस असा आवाज, म्हणजे गळती. तिथून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि चांगल्या कन्व्हर्टरवर आळ येतो. गळती नसेल तर गाडी गरम करून स्कॅनरवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. तो साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टवर स्थिर हवा. तो सारखा ०.१ ते ०.९ मध्ये उड्या मारत असेल, तर जाळीत दम उरलेला नाही.

जाम झालेला कन्व्हर्टर वेगळा ओळखू येतो. खालच्या आरपीएमला गाडी ठीक चालते, ॲक्सिलरेटर दाबला की श्वास कोंडल्यासारखी होते. कन्व्हर्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. आयडलला दीडेक पीएसआयच्या वर काटा गेला तर मार्ग तुंबलाय. रबरी हातोडीने ठोकल्यावर खुळखुळ झाली तर जाळी फुटली म्हणायची घाई नको, कारण बऱ्याचदा ती सैल झालेल्या हीट शील्डची (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची) असते. आधी तिचे स्क्रू आवळा.

गॅरेजवाला म्हणेल, ‘दादा, आतली जाळीच पाडून टाकू, पिकअपही वाढेल.’ ऐकू नका. पीयूसी जाईल, आणि वास-धूर तुमच्याच गावात राहील.

एक गोष्ट मात्र गावाकडेच जास्त घडू शकते. चालून आलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभी करू नका. कन्व्हर्टर चारशे अंशांच्या वर तापलेला असतो आणि उन्हाळ्यात पेट घ्यायला तेवढं पुरतं.

काम झाल्यावर कोड पुसून लगेच समाधान मानू नका. शहर आणि हायवे दोन्हीवर काही दिवस गाडी चालवा, स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच केलेली कन्व्हर्टरची तपासणी, ‘पूर्ण’ दाखवू द्या. सेकंडहँड घेतानाही हेच तपासा. मॉनिटर अपूर्ण असेल तर कोड नुकताच पुसलेला असू शकतो.